बिननावाचं बोट

जोलिएटच्या गोदामांमागे, रुळांच्या पलीकडे
आमचं हातांचं क्लिनिक आहे.
इथे आधी हात येतात. माणसं त्यांच्यामागून,
टोपी काढून, जरा ओशाळून.

रिमांतस मंगळवारी येतो.
मी वाटीत राजमा ओतते, तो एकेक दाणा
चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकतो.
अठरा चाकांचा ट्रक बर्फात, अंधारात,
एका दमात उलटा लावणारा माणूस;
दाणा सांडला की खाली बघत बसतो.

पहाटे तीन वाजता, पिओरियातल्या एका धक्क्यावर,
ट्रेलरमधून त्याने उडी मारली.
पाय जमिनीवर आले.
अंगठी वर, दाराच्या आकड्यात राहिली
आणि अंगठीसोबत बोट.
एवढंच सांगतो. त्यापुढे
थंडी किती होती ते सांगतो.

कंपनीने लगेच हात वर केले, दोन्ही,
दहाच्या दहा बोटांसकट.
तू आमचा नोकर नाहीस, तू स्वतंत्र उद्योजक. करार वाच.
करार बावन्न पानी.
ट्रक त्यांचा, हप्ता ह्याचा,
डिझेल ह्याचं, दारावरचं नाव त्यांचं,
आणि काचेवर एक कॅमेरा, रस्त्याकडे पाठ करून
ह्याच्या तोंडाकडे बघणारा.
जांभई दिली की ऑफिसातून फोन: झोप येतेय का?
त्या पहाटे हा ट्रकच्या मागे होता.
मागे कोणी बघत नव्हतं.

डाव्या हाताने त्याने मेसेज केला:
बोट गेलं. हॉस्पिटलात आहे.
दोन मिनिटांत उत्तर:
अरेरे. ओमाहाचा माल गुरुवारी उचलशील ना?

हा मेसेज तो पुसणार होता. लाज वाटली म्हणे.
कुणाची, ते त्यालाही सांगता आलं नाही.
वकीलबाई प्रुडेन्स ओरडल्याच, खबरदार!
पंचेचाळीस दिवसांत कळवायचं असतं,
तुम्ही रक्त थांबायच्या आत कळवलंत.
आणि जांभया मोजतो तो मालक असतो,
भागीदार नसतो. कॅमेऱ्यावरच बोट ठेवू आपण.
मग त्यांच्या लक्षात आलं काय बोललो ते.
रिमांतस म्हणाला, ठेवू. नऊ आहेत अजून.

राज्याच्या कायद्यात बोटांचा तक्ता आहे.
अंगठा शहात्तर आठवडे. तर्जनी त्रेचाळीस, मधलं अडतीस,
करंगळी सगळ्यांत स्वस्त, बावीस.
त्याचं सत्तावीस.
विलियाशी लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तो म्हणाला,
वापरलेल्या मालाला भाव बरा आहे.
हसला नाही. मीही नाही.

आज फॉर्म घेऊन आलाय. कुठलं बोट, ते लिहायचंय.
मी सहज म्हटलं, माझ्या भाषेत ह्या बोटाला
अनामिका म्हणतात, नाव नसलेली.
त्याने दाणा खाली ठेवला.
बेवार्दिस, म्हणाला. आमच्या लिथुआनियातही तेच.
बे म्हणजे विना, वार्दस म्हणजे नाव.
मला आधी बेवारस असंच ऐकू आलं होतं.
ते मी सांगितलं नाही.
आम्ही दोघं थोडा वेळ त्या जागेकडे बघत बसलो,
जिथे टाके निघालेत, आणि अंगठी अजून
पावसाळी हवेत घट्ट होते म्हणतो तो.

सुनावणी मार्चमध्ये.
ते विचारतील, मी म्हटलं, कामावर अंगठी का घातली?
त्यांनाच विचारेन, म्हणाला, नियम होता का?
नियम होता म्हणाले तर मालक ठरले.
नव्हता म्हणाले,
तर एवढ्या बावन्न पानांत
माझ्या हाताबद्दल एक ओळ का नाही?

मग पुन्हा वाटी पुढे ओढली.
अंगठा, तर्जनी. दाणा निसटला,
टेबलाखाली गेला.
राहू दे, मी म्हटलं.
तो वाकला होता आधीच.