चादरीचं वजन

आखाजीनंतरची लगीनसराई.
सोळा सफारी, नऊ नवरदेवांचे कुर्ते,
आणि अमळनेरात पंचेचाळीसचं ऊन.
बोरीच्या पुलाअलीकडे माझ्या दुकानाचा पत्रा तापतो,
खाली मी तापतो, पण पाणी पीत नाही.
पाणी प्यालं की उठावं लागतं,
उठलं की शिवण चुकते.
हा हिशोब मी बावीस वर्षं चालवला.

त्या रविवारी देवचंद खैरनारच्या नातवाचं जाऊळ.
तापीकाठच्या शेतात काळ्या मसाल्याच्या रश्श्याआधी
कलेजी आली, मग खूर,
मग बर्फाच्या टपातल्या गार बाटल्या.
दोन माझ्या. तिसरी अर्धी.
तहान भागली, मी म्हणालो.
भागली नव्हती.

रात्री अडीचला अंगठ्याने उठवलं.
उजव्या पायाचा, मुळाशी, जिथून मी पायडल दाबतो.
सुई मला ठाऊक आहे,
दोनदा नखातून आरपार गेलीय.
ही सुई नव्हती.
तापलेली इस्त्री कुणी ठेवून विसरून गेलं होतं.
पायावर धुवट चादर, मीच टीप मारलेली,
अर्धा किलोही नसेल.
ती सोसवेना.
पंख्याचा वारा सोसवेना.
विजया खाटेला नुसती टेकली
आणि मी असा ओरडलो की समोरच्या घरात दिवा लागला.

सकाळी अंगठा लाल, तुळतुळीत, ऊन ऊन,
लहान मापाच्या खोळीत मोठी उशी कोंबावी तसा.
कोणी म्हणालं मुरगळला, तेल चोळ.
कोणी म्हणालं विंचू.
काज-बटणवाले नथ्थूबाबा, बापाच्या वेळेपासूनचे,
दोरा दातांनी तोडून म्हणाले,
"तुना बापले बी आसंच व्हये."

बाप.
त्याच्या चपलेला अंगठ्यापाशी चंद्रकोर कापलेली असायची,
मला वाटायचं, हवा लागावी म्हणून.
कानाच्या कडेला हरभऱ्याएवढी पांढरी गाठ.
मुतखडा, दोन वेळा.
एकाच अंगाची मापं
आम्ही तीन वह्यांत लिहून ठेवली होती.

डॉक्टर बाविस्करबाईंनी पायाला हात लावण्याआधी विचारलं,
परवा काय खाल्लं? पाणी किती?
रक्तदाबाची गोळी कुठली, लघवी जास्त होणारी?
आणि याआधी कधी?
कधीच नाही, मी म्हणालो.
मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या सुमाराला,
हाच अंगठा, चार दिवस.
आपोआप गेलं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.
"गेलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "बसलं होतं."

युरिक ॲसिड नॉर्मल आलं. मी खूश.
त्या म्हणाल्या, भर दुखण्यात हा रिपोर्ट कधी कधी फसवतो,
पंधरा दिवसांनी पुन्हा बघू.
गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही,
मी बदलायची तर बदलेन.
मी रिपोर्टच्या पाठीवर खडूने
बापाची चप्पल काढून दाखवली.
त्यांनी ती बराच वेळ बघितली.

आता मशीनजवळ तांब्या असतो.
उठतो. शिवण चुकते. उसवतो.
बोकडाचं बोलावणं आलं की जातो,
रश्श्यात भाकर बुडवतो, कलेजीचं ताट पुढे सरकवतो,
आणि लोक विचारतात, माळ घातली का?

काल नंदुरबारहून नवरीचा मामा आला.
पँटची उंची घ्यायला खाली बसलो,
तोंडात टाचण्या.
एका पायात बूट, दुसऱ्यात रबरी सपाता,
अंगठा बाहेर, आरशासारखा चमकणारा.
"जिन्यात मुरगळला," तो वरून म्हणाला.

मी एकेक टाचणी तोंडातून काढली.
टेपवर बोट तसंच, साडेअडतीसवर.
"रात्री पायावर चादर चालते का?"

तो हसला नाही.