शेरा

तीस जुलैच्या रात्री
जेवणाच्या टेबलावर मी चार घरं मांडते.
मानेवाडा, बेसा, हिंगणा रोड
आणि प्रतापनगर, जे हॉलपर्यंत माझं
अन् स्वयंपाकघरापासून पुढे बँकेचं.
प्रत्येकाला एक पिशवी, इतवारीच्या साडीदुकानाची,
आत वर्षभराचे चुरगळलेले पुरावे.

रजिस्टरला पाच रकाने.
तारीख, कोणाकडून, जमा, खर्च, शेरा.
बँकेत एकतीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले,
तेव्हा शेऱ्याचा रकाना कोराच जायचा.
आता तोच आधी भरतो.

मानेवाडा. सिस्टर लिन्सी. दर तीन तारखेला,
संक्रांत असो की संप.
हिंगणा रोड. रोशन उके, कंपनीत फिटर.
एप्रिलमध्ये चारशे साठ कापून पाठवले,
सोबत बिल: कूलरचा पंप, ताट्या, एक मीटर नळी.
मी म्हटलं, ताट्या तर भाडेकरूच्या असतात ना बाप्पा.
तो म्हणाला, पंप जळला म्हणून तर ताट्या गेल्या, ताई.
बसत नव्हतं. बसवलं.

तसंही कायद्याला ही नळी दिसत नाही.
घर झिजतं, एवढं सरकारला मान्य आहे;
भाड्याचे तीस टक्के न विचारता सोडतं,
तुम्ही रंग मारा की मारू नका.
गृहकराची पावती असेल तर तो त्याआधी वजा.
बँकेचं व्याज वजा.
प्रतापनगरचा जुना तोटा
आठ वर्षं पुढे ओढता येतो,
मग तो मेला असं समजतात.
यंदा त्याचा शेवटचा तुकडा संपला.
आठच का, हे गभण्यांनाही सांगता आलं नाही.

अन् मग बेसा.
मार्च, एप्रिल, मे. जमेच्या रकान्यात रेघ.

गभणे सीए धंतोलीत बसतात, दुसऱ्या माळ्यावर,
खाली दवाखानेच दवाखाने, गाडी लावायला जागा नाही.
आज दुपारी म्हणाले, घर रिकामं होतं ना? तसं लिहू.
नाहीतर न आलेल्या भाड्यावरही भरावं लागेल.
नोटीस दिली होती का? वकील? काहीतरी कागद?

कागद नव्हता.
गडचांदूरहून आलेला पोरगा होता, देवानंद टेकाम.
त्याची आई याच गल्लीत, तिसऱ्या माळ्यावर,
नळ्यांमध्ये.
मार्चमध्ये म्हणाला, पुढच्या महिन्यात एकदम देतो.
एप्रिलमध्ये मी फोन केला.
मागे मशीनची टिकटिक ऐकू आली,
मी गॅसच्या नंबराचं काहीतरी विचारून ठेवून दिला.
मेमध्ये केलाच नाही.
जूनच्या सहा तारखेला चावी शेजारच्यांकडे,
ओटा पुसलेला, नळ घट्ट बंद.

यात मोठेपणा काढू नका.
'रिकामं' लिहायला माझा हात चालला असता.
पण वीजबिलं पिशवीत होती:
मार्च अडतीस युनिट, एप्रिल एकेचाळीस, मे नऊ.
नागपूरचा एप्रिल, अन् एकेचाळीस.
म्हणजे कूलर लावलाच नव्हता त्यानं.
कूलर माझा होता, चालू होता,
मीच पंप बदलून दिला होता फेब्रुवारीत.

नऊ युनिट जळालेल्या घराला
रिकामं कसं म्हणायचं, गभणे?

ते काही बोलले नाहीत. कॅल्क्युलेटर ओढला.
नऊ हजार गुणिले तीन,
झीज वजा, सेस धरून
तीन हजार नऊशे एकतीस.
जे आलंच नाही, त्यातला सरकारचा वाटा.
ताई, म्हणाले, इतक्यात दोन कूलर झाले असते.
होय, म्हटलं. जुने.

आता साडेअकरा.
बेसाच्या ओळीत शेरा लिहिला:
मागितलं नाही.
पुढे जागा होती बरीच,
पेन तिथेच थोडा वेळ थांबला.
मग रोशनच्या बिलाला टाचणी लावली
आणि ताट्यांचे एकशे वीस
खर्चात धरले.