शांत ठिकाण

सैनिक कल्याणच्या ऑफिससमोर माझं दुकान :
झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे अर्ज.
सातापा वरुटे, नायक, निवृत्त, मुक्काम गिरगाव,
पायरीवर आधी पिशवी ठेवतात, मग हात,
मग स्वतः येतात.
"बस येळंवर हुती पोरी. दम मागं राहिला."

पिशवी गुजरीतल्या कुठल्याशा सराफाची.
आत दागिना नाही,
अँजिओग्राफीची सीडी आहे,
दोन स्टेंटची स्टिकरं, आणि पहिल्या अपिलाचा निकाल,
एका ओळीचा.
मी ती ओळ मराठीत करून सांगते :
आजार सेवेमुळे झालेला नाही,
सेवेमुळे वाढलेलाही नाही.
ते ऐकून घेतात,
दुसऱ्याच्याच रानाचा सातबारा कुणी वाचावा तसं.
"मग आला कुठनं?
सतराव्या वर्षापास्नं मी घरात कवा हुतो?"

खाली कारणं दिलीत.
वडिलांना तंबाखूचं व्यसन.
झटका आला तेव्हा नेमणूक शांत ठिकाणी.
"आबा तंबाखू खायचे, व्हय.
ब्याऐंशीव्या वर्षी गेले. आंब्यावरनं पडून."

फाईलच्या तळाशी भरतीचा कागद निघतो.
टेंबलाईच्या माळावर, उघड्या अंगानं, रांगेत
उभं असताना डॉक्टरनं छातीला नळी लावली
आणि लिहिलं : नॉर्मल.
कागद पिवळा पडलाय, शाई अजून निळी.
"हा सगळ्यात वर लावू," मी म्हणते.
"घेताना धड बघून घेतलं की नाही त्यांनी?
मंडपवालासुद्धा पातेली परत घेताना
पोचा कुठं पडला ते विचारतो."
ते हसतात.
हसताना एक हात छातीवर जातो, सवयीनं.

रकाना अकरा. शांत ठिकाणी कामाचं स्वरूप.
ते पंख्याकडं बघतात.
"बेळगावात हुतो. पेटी पोचवायची."
कसली पेटी, हे मी विचारलं
आणि विचारल्यावर कळलं.

"तीन वर्षांत एकोणीस.
चंदगड, आजरा, गगनबावडा. एकदा तर शेजारच्याच गावात.
फुडं डायव्हर, मागं मी न् ती.
घाटात सरकायची, म्हणून हात ठिवून बसायचं.
गाव दिसलं की टोपी नीट करायची.
आई दारात आली की खाली बघायचं न्हाई,
ही ऑर्डर नव्हती, माझं मीच ठरवलेलं.
एकीनं माझ्याकडं बघितलं, बराच येळ,
आन् म्हणाली, तू जेवलास का रं?"

बाहेर कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं.
मी टाईप करत गेले. एकोणीस. घाट. हात.
ते चष्मा लावून पडद्याजवळ आले.
इंग्रजी त्यांना येत नाही, आकडा येतो.
"ह्ये काढ."
काका, ह्याच्यावरच केस उभी राहील.
"त्या माउल्यांच्या नावावर टक्के मागितल्यागत हुतंय. काढ."
नावं नाही घालत, नुसता आकडा राहू दे.
"आकडा तर मुळीच नगं."

शेवटी लिहिलं : वाहतुकीची ड्यूटी.
त्यांनी मान हलवली. "वाहतूक. हां. ह्ये खरं हाय."

तीन प्रती, चाळीस रुपये. सूट घेतली नाही.
रमणमळ्याच्या पोस्टातनं स्पीड पोस्ट करा, सांगितलं.
पायरी उतरताना
आधी पिशवी, मग हात.

पुढच्या गिऱ्हाईकाचं आधार कार्ड काचेवर ठेवते.
फाईल अजून उघडी आहे.
खोडलेली ओळ एका बटणानं परत येते.
आणते. वाचते.
पुन्हा खोडते.