अंगठा दोनदा

चर्चच्या तळघरात हीटर एकच, तोही कुरकुरणारा.
आयव्ही पार्डीने तो पायांशी ओढून घेतलाय.
बाहेर खाडीत बर्फाचे तुकडे एकमेकांना घासतायत
आणि मंगळवारी दुपारपर्यंत
स्पिलर्स टिकलच्या बायकांचं पाककृतींचं पुस्तक
सेंट जॉन्सच्या छापखान्यात पोचायला हवंय.

एकसष्ट पाककृती. बेचाळीस बायका.
दोन पुरुष; दोघांनीही
बरणीत भरलेलं मूसचं मटणच पाठवलंय.

छापखानेवाला फोनवर म्हणाला होता,
"बाई, नुसता मजकूर द्या. आतला कचरा काढून."
कसला कचरा? पान तर स्वच्छ दिसतंय.
मग त्याने सांगितलेलं बटण तिने दाबलं
आणि पानभर खसखस सांडली.

शब्दाशब्दामध्ये एकेक ठिपका.
ओळींच्या सुरुवातीला बाण, कुठे कुठे तीन-तीन.
परिच्छेदाच्या शेवटी ती पाठमोरी खूण,
डोकं भरीव, पाय काडीचे.
इतके दिवस हे सगळं इथेच होतं,
कणकेत मीठ असावं तसं.

ती वाचायला लागली, पण शब्द नव्हेत.
एफी स्नूक प्रत्येक ओळीच्या टोकाला एंटर मारते;
टाइपरायटरची घंटी तिला अजून ऐकू येत असणार.
ब्राइड करीनला पुढचं पान हवं असलं
की एंटर, एंटर, एंटर, सतरा वेळा,
होडी वाळूवरून ढकलत न्यावी तशी.
फिलोमिना कियोचा खारवलेला कॉड
मुलाने आल्बर्टाहून, तेलाच्या खाणीवरून, मेलने धाडलाय.
त्यात ठिपक्यांच्या जागी मोहरीएवढी वर्तुळं,
दोन शब्दांना ओळीच्या कडेला तुटू न देणारी.
'रात्रभर' आणि 'भिजवा'
हात धरून खालच्या ओळीवर उतरतात.
पोराला हे ठाऊकही नसेल.

चौकट उघडली. वर 'शोधा', खाली 'बदला'.
वर दोन एंटर, खाली एक. सगळे बदला.
दोनशे चौदा बदल झाले.
पुन्हा. एकोणीस.
पुन्हा. शून्य.
बाणांसाठी खालची चौकट रिकामीच ठेवायची होती.
ठेवली. बाण गेले.

एका पाककृतीला नावच नव्हतं.
मोलॅसिस घातलेलं, फडक्यात बांधून उकडलेलं डफ,
ज्यातल्या मनुकांना इथे सगळे अंजीर म्हणतात.
फाइलचं नाव: नवीन २.
चवीवरून ओळखावं, तर हे घरोघरी होतं.
आयव्हीने पान मोठं केलं.
पूर्णविरामानंतर दोन ठिपके.
प्रत्येक पूर्णविरामानंतर. एकही चुकलेला नाही.

डल्सी राइडआउट.
फेब्रुवारीत गेली. म्हणजे जानेवारीत पाठवलं असणार.
मासळीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बिलं टाइप केली
आणि शेवटी कारखाना बंद होण्याची नोटीसही,
तीसुद्धा दोन-दोन जागा सोडून.

आयव्हीने वर नाव घातलं.
मग कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवार.
वर दोन जागा, खाली एक. सगळ्या बदला.

तिने वाक्यं मोजली होती: अठ्ठावीस.
यंत्र म्हणालं, त्र्याहत्तर.

बदल मागे घेतला. उरलेल्या पंचेचाळीस कुणाच्या?
एफीच्या नाहीत. ब्राइडच्या नाहीत.
पान एक. प्रस्तावना.
खाली सही: आयव्ही पार्डी, संपादक.

सोळा वर्षांची ती, कारखान्याच्या ऑफिसात,
बोटांना कॅपलिन माशाचा वास,
आणि मागे उभी डल्सी, हातात पेन्सिल,
तिचं टोक हिच्या अंगठ्यावर:
"वाक्य संपलं ना? मग अंगठा दोनदा.
वाचणाऱ्याला चहाचा घोट घ्यायला जागा ठेव."

हीटर खट्कन बंद पडला.
तिने बदल पुन्हा लागू केला. छापखान्याचे
पानामागे पैसे पडतात. त्र्याहत्तर.
मग प्रस्तावनेच्या शेवटी आभाराची एक ओळ घातली,
डल्सी राइडआउटचे, शिकवल्याबद्दल,
आणि पूर्णविराम,
आणि ठिपका, ठिपका.