बसलेला गाळ

पारोळ्याच्या अलीकडे, बाभळीमागच्या तळ्यात
मी नळी खुपसते. वर येतो काळा गाळ
आणि सडक्या अंड्यांचा वास.
वरचं पाणी मात्र नितळ,
अहवालाला शोभेलसं.

झिपरू भोई होडीची कड धरून बसलाय.
मुलाम्याचा कारखाना बंद पडून सतरा उन्हाळे झाले.
त्याचा थोरला भाऊ तिथं निकलच्या हौदावर होता;
हाताची कातडी सोलायची त्याच्या,
कांद्यासारखी.

"मंग ते समदं गयं कुठं?"

इथंच आहे, भाऊ. गंधकाला बिलगून,
हवा न लागता निजलंय.

बाटलीतला गाळ हलवून ठेवते.
उन्हं कलेपर्यंत काळा रंग तांबूस होतो,
गाठी सुटतात,
जस्त, शिसं, थोडं कॅडमियम
पाण्यात उतरतं. पाणी तसंच दिसतं.

सोमवारी जेसीबी येणार, तळं खोल करायला.
नारळ आणलेत, मंडपाचं ठरलंय.

"बशेल गारा उठाडू नका," एवढंच म्हणतो झिपरू.
मग जाळ्यातून दोन मरळ निवडतो,
पळसाच्या पानात गुंडाळतो.
"घर लई जा, बहिन."

बर्फाच्या डब्यात, नमुन्यांशेजारी,
नेमकी तेवढीच जागा उरलीय.