जाळी

भरताची जाळी यंदा मधोमध बसली.
वांगं राखेत, यमूच्या हातात नुसतं देठ.

फैजपूरच्या बाजारात तीन पाहिल्या.
स्टीलची, आरशासारखी. एक घडीची.
एक गॅसवाली, धूर होत नाही म्हणे.
मी विचारलं, मग चव कुठून आणू?
दुकानदार बिलबुक शोधत होता.

शेवटी इच्छाराम लोहारानं
बोटाएवढ्या सळ्या जोडून दिल्या,
पाय वीतभर उंच,
यमूच्या कंबरेच्या मानानं.

पराट्या पेटल्या. हिरवी वांगी
फुस्स करत सुरकुतली, काळी पडली.
मिरच्या-लसूण बडगीत कुटून
यमूनं पहिला घास चाखला.
"आजून लोखंडच लागे," म्हणाली,
आणि दुसरा घेतला.

जुनी भंगारात द्यायची राहिली.
मोरीमागं टेकवलीय.
कारल्याचा वेल नेमका त्याच भोकातून
वर निघालाय.