काडी दोनदा

जांबोटीच्या स्टँडवर, बेळगावच्या पहिल्या फेरीआधी,
मी पुढच्या सीटवरल्या माणसाला खाली उतरवायचो.
ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं.
रताळ्याचं पोतं, काजूची पिशवी, तालुक्याची कागदं
मांडीवरून जमिनीवर,
मग सीट उलटायची आणि काडी उपसायची.
"कालच बघितलंस की," भागव्वा म्हणायची,
"रोज काय बघालास?"
रोज बघितलं. एकोणीस वर्षं.

शिकवलं लुमाण्णानं, पिरनवाडीच्या नाक्यावर.
पहिल्यांदा काढलेली काडी खोटं बोलते, म्हणायचा,
वाटेतल्या खड्ड्यांनी तिला वरपर्यंत माखलेली असते.
पूस. परत घाल. दमानं काढ.
दुसऱ्यांदा सांगते ते खरं.
गिऱ्हाईक धारवाडकडचं असलं की तो कड्डी म्हणायचा,
आमच्यासाठी काडी.
"ड एक का दोन, तेल तेवढंच."

ओम्नी भंगारात गेली तेव्हा
काट्यावर चढायच्या आत मी काडी काढून घेतली.
भंगारवाला हसला, वजनात धरली नाही.
आता ती स्वयंपाकघरात खिळ्याला असते.
शालन तिनं फणस टोचून बघते.

जत्रेला नागेंद्र बेंगळुरूहून नवी गाडी घेऊन आला.
बॉनेट उघड म्हटलं.
आत सगळं झाकलेलं, काळं, गुळगुळीत.
मी हात घातला जिथं असायला पाहिजे तिथं,
मग जिथं असू शकेल तिथं,
मग नुसताच फिरवला,
खांद्यावर फडकं तसंच.
"काडी नसते ह्यात, बाबा. स्क्रीनवर येतंय."
स्क्रीनवर हिरवी पट्टी. पट्टीखाली: ठीक.
"कुणी बघून सांगितलं?"
"सेन्सर असतोय की."

असेल. माझं त्याच्याशी भांडण नाही.
तोही बिचारा अंधारात बसून
तेलात बोट बुडवतच असेल.
पण त्याला कुणी परत विचारत नाही.

तीन दिवस राहिला.
मटण चांगलं झालंय म्हणाला, दोनदा वाढून घेतलं,
पाहुण्यांच्या पोरांना गाडीतनं फिरवून आणलं.
रात्री मात्र जेवण झालं की
गाडीत जाऊन बसायचा, काचा वर, दिवा बंद.
आत नेटवर्क चांगलं येतंय म्हणायचा.
जांबोटीत. गाडीत बसून. नेटवर्क.

गेला त्या सकाळी
गाडी उभी होती तिथं लाल मातीवर एक थेंब,
रुपयाएवढा, काळा.
बोटाला लावून वास घेतला.
फोन लावला.
"तेल गळतंय रे कुठंतरी."
"हिरवं दाखवतंय, बाबा."
"आणि तू?"
"मी ठीक."
तोच शब्द. तसाच, पट्टीखालचा.

शालन मागच्या दारात बसून फणस टोचत होती.
काडी काढली, बघितली, पदरानं नाही, गोणपाटाला पुसली,
आणि त्याच भोकात परत घातली.
"पहिल्यांदा कळत नाही," म्हणाली,
"नुसता चीक येतोय वर."

मी अंगणात उभा राहिलो थोडा वेळ.
थेंबावर मुंगी आली, वळून गेली.

परत फोन लावला.
"आता काय झालं?"
"काही नाही. परत विचारालोय."

कित्तूरच्या पुढं कुठंतरी असणार,
लॉऱ्या जाताना ऐकू येत होत्या,
एक, मग बऱ्याच वेळानं दुसरी.
"बाबा," म्हणाला,
आणि पुढं काही आलं नाही.

म्हटलं, राहू दे, घाई नको.
गाडी सपाट जागी घे.
इंजिन बंद कर.
पाच मिनिटं थांब.
वर चढलेलं तेल
खाली उतरायला वेळ लागतो.
मी हाय इथं.